सरहद चार कोसांवर होती

(अक्कलकोट येथे तरुणांच्या बैठकीत केलेलं भाषण. बोलण्यातला सूर तसाच ठेवला आहे.)



मला फोनवर सांगितलं होतं की कॉलेजची मुलंमुली येणार आहेत, करिअरबद्दल चार शब्द बोला. मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, इंजिनिअरिंग झालंय, त्यामुळे ती अपेक्षा बरोबर आहे. पण आज मी एका लोहाराबद्दल बोलणार आहे. ते माझ्या पणजोबांचे आजोबा. घरात त्यांना सगळे 'बडे दादा' म्हणतात, मीही तेच म्हणेन. खरं नाव घेतलं तर या हॉलमधले निम्मे लोक माझे नातेवाईक निघतील आणि चहाला उशीर होईल.

आमच्या दादीचं एक ठरलेलं वाक्य होतं: "अपने बडे सरहद के थे." यापलीकडे ती काही सांगायची नाही. सरहद म्हणजे काय, हे मग आम्हीच ठरवलं. टीव्हीवर सरहद म्हणजे काबूल-पेशावर, डोंगर, पठाण. आमच्या एका चाचांनी त्यात दर्रा आदमखेल घातलं. तिथले लोक हाताने बंदुका बनवतात, आपले बडे लोखंडाचं काम करायचे, म्हणजे आपण तिथले, असा सरळ हिशोब. अब्दालीच्या फौजेबरोबर आले, अशी पुरवणीही जोडली गेली. आता दर्र्याचा बंदुकांचा धंदा उभा राहिला एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, आणि अब्दाली पानिपतावर लढला १७६१ला. दोन्ही एका माणसाच्या आयुष्यात बसवायचं तर बडे दादांना सव्वाशेहून कितीतरी जास्त वर्षं जगावं लागलं असतं. पण लग्नकार्यात अशी वजाबाकी कोण करतो?

तुमच्या घरातही अशी एखादी गोष्ट असेल. कुणी अरबस्तानातून आलंय, कुणी आदिलशाहीत सरदार होतं, कुणी गुलबर्ग्याच्या ख्वाजांबरोबर दिल्लीहून आलंय. त्यातलं काही खरंही असेल, दख्खनमध्ये माणसं खूप लांबून आली आहेत. पण आपल्या मोहल्ल्यातल्या एकाही शजऱ्यात फाळ ठोकणारा, कापूस पिंजणारा, भांड्यांना कल्हई करणारा माणूस सापडत नाही, याचं मला नवल वाटतं. सगळे सरदारच होते तर त्यांच्या घोड्यांना नाल कोण मारत होतं?

शोध सुरू झाला तो हौसेने नाही, भीतीने. २०१९चा हिवाळा आठवा. आसाममध्ये ३१ ऑगस्टला नागरिकत्वाची यादी लागली होती, १९ लाखांहून जास्त माणसं तिच्याबाहेर राहिली होती, आणि इथे आपल्या प्रत्येक घरात लोखंडी ट्रंका उघडल्या जात होत्या. आमच्याकडे अब्बांच्या शाळेच्या दाखल्याच्या मागे काही मिळेना. पुढे माझ्या पुतणीचं बारावीनंतरचं ॲडमिशन आलं. तिला ओबीसीचा दाखला हवा होता. महाराष्ट्रात ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७च्या आधीचा पुरावा मागतात, भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१च्या आधीचा. म्हणजे जुन्या कागदावर तुमच्या माणसापुढे 'लोहार' लिहिलंय की 'शिकलगार', यावर प्रवर्गही बदलतो आणि तारीखही. आमच्या कागदावर यातलं काहीच नव्हतं. दादांच्या शाळेच्या जनरल रजिस्टरात जातीच्या रकान्यात एकच शब्द: मुसलमान. हे तुमच्यापैकी अनेकांना माहीत आहे. गुरुजींनी शेजारच्या मुलापुढे सुतार लिहिलं, न्हावी लिहिलं, साळी लिहिलं. आपल्यापुढे धर्म लिहून रकाना भरला. हात काय करत होते, ते लिहायचं राहून गेलं.

ऑफिसमध्ये माझ्याबरोबर काम करणारा एक गोव्याचा मित्र आहे. त्याला त्याचे आठ-नऊ पिढ्यांचे पूर्वज तोंडपाठ आहेत, कारण चर्चच्या रजिस्टरात बाप्तिस्मा, लग्न, मृत्यू सगळं ओळीने आहे. इंग्लंड-अमेरिकेत लोक जुन्या जनगणनेची पानं उघडून पणजोबांचा धंदा वाचतात. आपल्याकडे जनगणनेची आकडेवारी राहते, घरोघरची पानं राहत नाहीत. हिंदू घरांसाठी नाशिक-त्र्यंबकेश्वरला तीर्थोपाध्यायांच्या वह्या आहेत. आपल्या या सीमेवर हेळवी आहेत, गाडी घेऊन गावोगाव फिरून वंशावळ वाचून दाखवतात. आमच्या दारात हेळवी कधी थांबला नाही. काझींकडच्या निकाहाच्या नोंदी एक मार्ग असतो, पण आमच्या बाबतीत तो दोन पिढ्यांतच संपला. कब्रस्तानात बडे दादांवर दगडसुद्धा नाही.

तेव्हा मला वाटलं, संपलं. आणि इथेच मला आजची खरी गोष्ट सांगायची आहे. मुसलमानाचा इतिहास मुसलमानाच्या कपाटात शोधायची आपल्याला सवय आहे. आमचा सापडला तो कुलकर्ण्यांच्या दप्तरात, तलाठ्याच्या नमुन्यात आणि तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये. गावाच्या कागदात. कारण बडे दादा गावाचे होते.

पहिला धागा मिळाला कोतवाल बुकात. गाव नमुना १४, जन्म-मृत्यूची जुनी नोंदवही. नकलेचा अर्ज द्यायचा, तिकीट लावायचं आणि वाट बघायची. वाट किती बघायची ते समोरच्या माणसावर. एका टेबलावर मला सांगितलं गेलं की वाळवीने खाल्लं, दुसऱ्या टेबलावर तेच पुस्तक दहा मिनिटांत निघालं. त्यावर जास्त बोलत नाही, तुम्हालाही अनुभव येईलच. एवढं सांगतो की 'रेकॉर्ड नाही' हे तोंडी ऐकून कधी घरी जायचं नाही. ते लेखी मागायचं. लेखी द्यायची वेळ आली की बऱ्याचदा रेकॉर्ड सापडतं.

कोतवाल बुक वाचणं ही सोपी गोष्ट नाही, मनानेसुद्धा. १९१८च्या पावसाळ्यानंतरची पानं उघडली तर मृत्यूच्या कारणात ताप, ताप, ताप, असं पानभर. ती इन्फ्लुएंझाची साथ. एकाच घरातले तिघे आठवड्यात गेलेले. आणि त्या गर्दीत एक ओळ, वयस्कर पुरुष, जातीच्या रकान्यात 'मु. लोहार'. ते बडे दादांचे थोरले चिरंजीव. घरातल्या सगळ्या गोष्टींत मिळून जेवढं नव्हतं तेवढं त्या अडीच अक्षरांत होतं.

मग मी माझ्या धंद्याची अक्कल वापरली. आम्ही डेटाबेसमध्ये एक काम नेहमी करतो: एकच ग्राहक चार वेगवेगळ्या नावांनी शिरलेला असतो, तो एकच आहे हे ओळखून काढायचं. इथेही तेच होतं. इब्राहीमचं 'इभ्राम', शहाबुद्दीनचं 'शाबुदीन', हे तर मराठी कागदात नेहमीचंच. पण गंमत धंद्याच्या नावात होती. अक्कलकोट म्हणजे मराठी, कानडी आणि दखनी एका चुलीवर शिजणारा मुलूख. लिहिणारा मराठी असेल तर 'लोहार'. कानडी बोलणाऱ्या गावात तोच माणूस 'कंबार'. आणि संस्थानच्या कागदात त्याचा भाऊ 'नालबंद'. मी बापाचं नाव, गाव, घराची जागा आणि शेजाऱ्यांची नावं असा तक्ता केला. नाव बदलतं, आडनाव बदलतं, पण शेजारी सहसा बदलत नाहीत. चार नोंदी एका घरात येऊन बसल्या. जुने फेरफार आणि गावठाणाचे कागद जोडले. आता अशा जुन्या अभिलेखांचे स्कॅन सरकारच्या 'आपले अभिलेख' पोर्टलवरही काही जिल्ह्यांसाठी मिळतात. २०२३मध्ये कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली, तेव्हा जिल्ह्याजिल्ह्यांत मोडीची गाठोडी सोडली गेली. शोधणारे कुणबी शोधत होते, पण कागदात सगळं गाव होतं. त्याच पानांवर तुमचे बागवान, अत्तार, पिंजारी, मुलाणी बसले आहेत. फक्त त्यांच्याकडे कुणी बघायला गेलेलं नाही.

याच्या मागे जायचं तर मोडी लागते. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत गावचा बहुतेक कारभार मोडीत चालायचा. मी शिकलो, एका निवृत्त मास्तरांकडे, दर रविवारी. एका कोडिंगच्या भाषेला लागतात तेवढेच महिने लागतात, आणि ही भाषा तर तुम्हाला येतेच, फक्त अक्षर नवं आहे. आणि एक गोष्ट शिकताना मला फार आवडली. जुन्या मराठी कागदांवर सुहूर सन असतो, आणि तो आकड्यात नाही, अरबी शब्दांत लिहिलेला असतो: सलास, अर्बा, खमस, सित्तैन, मया, अलफ. पेशव्यांचे ब्राह्मण कारकून रोज अरबी अंक लिहीत होते. चांद्र तारखेला 'छ' म्हणजे चंद्र, आणि पुढे महिना मोहरम, सफर, जिल्हेज. वर्गातल्या सगळ्यांनी हे शब्द घोकले. मला ते मदरशात म्हटलेल्या गिनतीमुळे येत होते. सुहूर सनात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन, फसलीत ५९० किंवा ५९१. एवढं गणित आलं की तुम्ही निम्मे इतिहासकार झालात.

गावातल्या जुन्या कुलकर्णी घराण्याने मला त्यांचे रुमाल उघडू दिले. रुमाल म्हणजे कापडात बांधलेली कागदांची गाठोडी. त्या घरातल्या आजींनी मला विचारलं, "तू लोहाराचा ना?" माझ्या आडनावात ते नाही, माझ्या दाखल्यात नाही, माझ्या चाचांना ते ऐकायला आवडत नाही. त्या बाईंच्या डोक्यात मात्र ते पक्कं होतं.

त्या रुमालात एक शिवेच्या तंट्याचा कागद निघाला. फसली सन आहे, इसवीत १८६०च्या दशकात येतो. दोन गावांच्या शिवेवरून भांडण. पण ती नुसती दोन गावं नव्हती. अक्कलकोट हे ४९८ चौरस मैलांचं भोसल्यांचं संस्थान, साताऱ्याच्या शाहू महाराजांनी वाढवलेल्या फत्तेसिंहांच्या घराण्याचं. त्याच्या उत्तरेला आणि पूर्वेला निजामाचं राज्य, आपण ज्याला मोगलाई म्हणायचो. म्हणजे ओढ्याच्या अलीकडे एक राज्य, पलीकडे दुसरं. कागदात शब्द आहे: सरहद्द मोगलाई.

मी तो शब्द वाचला आणि मोठ्याने हसलो. दादीची सरहद! काबूल नाही, पेशावर नाही. गावापासून चार कोसांवरचा ओढा.

दादी खरंच बोलत होती. ती सरहद्दीवरच्याच घरची होती, तिच्यासाठी तो रोजचा शब्द होता. पलीकडे जायचं तर करोडगिरीचा नाका लागायचा, म्हणजे निजामाची जकात. पलीकडे हाली सिक्का चालायचा, अलीकडे कलदार रुपया, आणि दोघांची किंमत सारखी नसायची. लोहार मात्र दोन्हीकडे लागायचा. मोगलाईतल्या गाड्या बाजाराला इकडे यायच्या, चाकाची धाव सैल झाली की लोहाराच्या सालात थांबायच्या. बडे दादांची जबानी त्या तंट्यात घेतली गेली ती याचमुळे असावी. दोन्ही गावांचे बैल ज्याने पत्र्या ठोकताना आडवे पाडले, त्याला कोणता बैल कोणाच्या रानात चरतो हे माहीत असणारच.

जबानीच्या खाली सह्या आहेत. पाटलाची निशाणी नांगर. जुन्या कागदांत ही रीत सगळीकडे दिसते: ज्याला लिहिता येत नाही तो आपल्या धंद्याचं हत्यार काढतो. न्हाव्याचा आरसा, मुलाण्याची सुरी, महाराचा दोर. आणि आमच्या बडे दादांच्या नावापुढे एक सांडशी. दोन वाकड्या रेघा, मधे खिळ्याचा ठिपका. कुलकर्ण्याने शेजारी लिहून ठेवलंय, निशाणी सांडस. मी त्या रेघांचा फोटो मोबाईलवर ठेवलाय. माझ्या कामाच्या जागी दिवसाला दहा वेळा डिजिटल सही लागते, त्यातली एकही माझी वाटत नाही.

आता हा माणूस करत काय होता, ते जरा सविस्तर सांगतो, कारण आपल्या पिढीला ते ठाऊक नाही. त्र्यंबक नारायण आत्र्यांचं 'गावगाडा' १९१५मध्ये आलं, त्यात बलुतेदारांची हकीकत आहे. बलुतेदारांच्या ओळी असायच्या, थोरली, मधली, धाकटी, आणि लोहार थोरल्या ओळीतला, कारण त्याच्यावाचून पेरणी होत नाही. मृगाच्या आधी त्याच्याकडे रांग लागायची. नांगराचा फाळ झिजला की तो तापवून, ठोकून पुन्हा टोकदार करायचा, याला शेवटणं म्हणतात. कुळवाची पास, खुरपी, विळे, कुऱ्हाड, मोटेचं लोखंड, गाडीची धाव. धाव बसवणं मी एका म्हाताऱ्या कारागिराकडून ऐकलंय: लोखंडी कडं चाकापेक्षा किंचित लहान करायचं, शेणकुटांच्या आगीत लाल करायचं, चौघांनी सांडशीने धरून लाकडी चाकावर बसवायचं आणि लगेच पाणी ओतायचं. कडं आवळतं आणि चाकाचे सगळे सांधे घट्ट बसतात. किंचित म्हणजे किती, हे मोजपट्टीवर नाही, नजरेत. जास्त लहान झालं तर चाक फुटतं, मोठं झालं तर वाटेत निखळतं. आम्ही इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला उष्णतेने धातू प्रसरण पावतो हे वाचून दहा मार्कांचं उत्तर लिहिलं होतं.

मजुरी रोख नसायची. सुगीला खळ्यावर जायचं, नांगरामागे ठरलेल्या पेंढ्या आणि धान्य घ्यायचं. कोळसा बहुधा कुणब्याने आणायचा. ही व्यवस्था काही स्वर्ग नव्हती. जो वर होता तो वर होता, महारा-मांगांच्या वाट्याला काय आलं ते आपण जाणतो, आणि दुष्काळ पडला की खळंच ओस, मग बलुतं कुठलं? १८७६-७७चा दुष्काळ सोलापूर भागाला फार वाईट गेला. आमच्या घरातलं एक भावंड त्याच काळात कागदातून नाहीसं होतं. मेलं की देशोधडीला लागलं, कागद सांगत नाही. पण एक गोष्ट त्या बलुत्यात होती: गाव लोहाराला लोहार म्हणून ओळखत होतं. मुसलमान होता हेही सगळ्यांना माहीत होतं, आणि त्याने धान्याच्या मापात फरक पडल्याचं मला एकाही यादीत दिसलं नाही.

इंग्रजांच्या गॅझेटियरबद्दल एक सावधगिरीची सूचना. सोलापूरचा खंड १८८४चा आहे, इंटरनेटवर मिळतो, जरूर वाचा. मुसलमान कारागिरांची माहिती त्यात जातवार आहे, शिकलगार, नालबंद, कल्हईगर, सगळे. पण मुंबई इलाख्याचे हे खंड वाचताना लक्षात येतं की अनेक कारागीर जमातींपुढे एकच ठरीव वाक्य आहे: हे मूळचे स्थानिक हिंदू, औरंगजेबाने बाटवले. बागवान असो, नालबंद असो, तेच. इतकी कामं एकट्या औरंगजेबाने केली असती तर त्याला लढाईला वेळ कुठून मिळाला असता! स्थानिक हिंदू होते हे मला पूर्ण पटतं. आमचं भाताला 'भाता' आणि ऐरणीला 'ऐरण' म्हणणं हेच सांगतं. पण एक माणूस दर्गाहच्या सावलीत बसून, लग्नाने, धंद्याच्या सोबतीने, दोन-तीन पिढ्यांत हळूहळू मुसलमान होतो, ही गोष्ट कलेक्टरच्या कारकुनाला एका ओळीत लिहिता येत नव्हती. म्हणून त्याने सोपी ओळ लिहिली. आपल्याकडचे काही लोक काबूलची सोपी ओळ लिहितात. दोन्ही ओळींत गावच गायब आहे.

बडे दादांचे भाऊ संस्थानच्या पागेत नालबंद होते, हे मघाशी सांगितलं. संस्थानाला वरच्या सरकारला घोडेस्वारांचं पथक द्यावं लागायचं. पुढे इंग्रजांनी ते पथक नको म्हटलं आणि त्याऐवजी वर्षाला १४,५९२ रुपये खंडणी ठरवली. गॅझेटियरला हा आकडा महत्त्वाचा वाटला. मला त्या आकड्यात नालबंदाची गेलेली नोकरी दिसते. पथक गेलं, घोडे गेले, नाल गेले. इथल्या राजवाड्यातलं शस्त्रागार तुम्ही शाळेच्या सहलीत पाहिलं असेल. तलवारी, भाले, बंदुका, किती तरी. पुढच्या वेळी बघताना मुठीकडे नाही, पात्याकडे बघा. कुणीतरी ते पाजवलंय.

त्याच सुमारास रेल्वे आली. १८६०मध्ये सोलापूरपर्यंत, १८७१मध्ये रायचूरपर्यंत, अक्कलकोट रोडवरून. रेल्वेने विलायती तयार लोखंड आणलं, तयार फाळ, तयार खिळे. आणि सोलापुरात १८७०च्या दशकात पहिली कापडगिरणी उभी राहिली, जिला आजही जुनी मिल म्हणतात. लोहाराच्या पोरांना गिरणीच्या वर्कशॉपमध्ये फिटर व्हायला फार शिकावं लागलं नाही. बडे दादांचा नातू, म्हणजे माझे पणजोबा, असेच गेले. तिथे ते लोहार राहिले नाहीत, मस्टरवर एक नंबर झाले. १९३०च्या मार्शल लॉमध्ये ते सोलापुरातच होते. त्या प्रकरणात १२ जानेवारी १९३१ला येरवड्यात चौघांना फाशी झाली: मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, किसन सारडा आणि कुर्बान हुसेन. कुर्बान हुसेन हे गिरणी कामगारांत काम करणारे होते. घरात सांगतात की पणजोबा त्यांच्या सभांना जायचे. कागद नाही, म्हणून मी हे 'घरात सांगतात' एवढ्यावरच ठेवतो. तुम्हीही तसंच करा. ऐकीव आणि लिहिलेलं यांचे रकाने वेगळे ठेवा. एकदा मिसळले की परत चाचांचा दर्रा आदमखेल.

आता जो भाग सांगायला अवघड आहे तो. १९४८. मार्चमध्ये अक्कलकोट संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं. सप्टेंबरात, १३ ते १७, पोलीस ॲक्शन झाली आणि निजामाचं राज्य संपलं. त्याआधी रझाकारांनी सीमेवरच्या गावांत जे केलं ते हिंदू शेजाऱ्यांच्या आठवणीत आहे, आणि ते खरं आहे. त्यानंतर पलीकडच्या मुसलमानांवर जे आलं त्याची चौकशी पंडित सुंदरलालांच्या समितीने केली. कमीत कमी धरलं तरी २७ ते ४० हजार माणसं गेली, असा त्यांचा अंदाज होता, आणि सर्वांत वाईट झळ ज्यांना बसली त्यात उस्मानाबाद आणि गुलबर्गा हे जिल्हे होते. म्हणजे आपल्या ओढ्यापलीकडचे. दादीचं माहेर पलीकडे होतं. तिच्या माहेरचं एकही माणूस मी कधी पाहिलं नाही. "सरहद के थे" या वाक्यानंतर ती गप्प का व्हायची, हे मला तिच्या मरणानंतर, १९४८च्या अलीकडचे आणि पलीकडचे कागद एकमेकांशेजारी ठेवल्यावर समजलं. अलीकडचे चालू राहतात. पलीकडचे तिथेच थांबतात.

सरहद नंतरही सुटली नाही. १९६७मध्ये महाजन आयोगाने अक्कलकोट कर्नाटकात घालायची शिफारस केली. तेच १९६७ साल, ज्याच्या ऑक्टोबरच्या आधीचा कागद माझ्या पुतणीला हवा होता.

तिचं काय झालं ते विचाराल. कोतवाल बुकाची नक्कल, मोडी कागदाचं लिप्यंतर, वंशावळीचं शपथपत्र, असं सगळं जोडून जातीचा दाखला मिळाला. पडताळणीची फाईल अजून समितीपुढे आहे, आणि ॲडमिशन तोवर ओपनमधून घ्यावं लागलं. फी भरतोय. घरात यावरून कमी भांडण झालं नाही. चाचा म्हणाले, पोरीच्या स्थळाचं काय, लोहार म्हणून सांगायचं? मी म्हटलं, दाखल्याला लोहार आणि दस्तरखानावर पठाण, हे दोन्ही कसं चालेल? ते दोन महिने बोलले नाहीत. माझं म्हणणं अजून तेच आहे. आपल्यातले काही लोक 'आमच्यात जातपात नाही' असं व्यासपीठावर सांगतात आणि सोयरीक जुळवताना पहिला प्रश्न बिरादरीचा विचारतात. ती सरहद ओढ्यापेक्षा रुंद आहे.

शेवटी, या सगळ्या कागदांत एक मोठं भोक आहे. भाता कोण ओढत होतं? लोहाराच्या घरात भाता बाईच ओढते, कधी घणही मारते. दादी सांगायची, तिच्या सासूच्या हाताला मरेपर्यंत भात्याचे घट्टे होते. कोतवाल बुकात जन्माच्या नोंदी आहेत: बापाचं नाव, जात, आणि 'मुलगी'. नाव नाही. मृत्यूच्या नोंदीत 'लोहाराची बायको'. बडे दादांची सांडशी सापडली, पण त्यांच्या बायकोचं नाव मला कुठल्याही भाषेत, कुठल्याही लिपीत मिळालेलं नाही. घरातल्या सर्वांत वयस्कर फुपींना मी मागच्या ईदला विचारलं. त्या म्हणाल्या, "बडी माँ बोलते थे, और क्या बोलते?" तुमच्या घरात ऐंशीच्या पुढची कुणी बाई असेल तर आज रात्रीच फोन रेकॉर्डिंगवर लावून बसा. आधी बायकांची नावं विचारा, पुरुषांची कागदात मिळतील.

आता पुढचं काम दादीच्या माहेरचं. निजामाच्या दप्तराचा मोठा भाग हैदराबादला तारनाक्याच्या पुराभिलेखागारात आहे, फारसी आणि उर्दूत. मला मोडी येते, पण जुन्या दप्तरी हाताचं उर्दू अक्षर लागत नाही. इथे कुणी आलिमा असेल, उर्दू माध्यमातून शिकलेलं कुणी असेल, ज्याला शिकस्ता वाचता येतं, त्यांनी चहाच्या वेळी मला भेटा. तिकीट मी काढतो.